पैनगंगेचा गाळ आणि निवटीचे बीळ

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवर, बेला आणि जैनद मंडलांतील कपाशीच्या काळ्या रानांच्या कडेने वाहणारी पैनगंगा श्रावणात गढूळ होऊन दुथडी भरते, तेव्हा काठावरच्या कास्तकाराला आपली माती वाहून चालल्याची हळहळ वाटते, आणि ती रास्तच आहे. परंतु ती माती कोठे जाते, हे मात्र आपल्या मुलखात सहसा कोणी विचारीत नाही. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता कालेश्वरापाशी गोदावरीत विलीन होते. आणि आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुऱ्या केलेल्या दवळेश्वरच्या बंधाऱ्याखाली गोदावरीला जे फाटे फुटतात, त्यांपैकी गौतमीच्या मुखाशी, काकिनाड्याजवळच्या कोरिंगा येथे, तिवरांच्या दाट अरण्यात हा गाळ शतकानुशतके साचत आला आहे. तेलुगू लोक या अरण्याला ‘मड अडवी’ म्हणतात. त्याच चिखलात निवटी राहते.

निवटी हा कोकणातला शब्द. ठाणे-रायगडच्या खाड्यांत आगरी-कोळी बाया ओहोटीच्या वेळी बिळात कोपरापर्यंत हात घालून ती धरतात, आणि बाजारात टोपलीतही ती जिवंत वळवळत असते. कारण हा मासा पाण्याबाहेर श्वास घेऊ शकतो. त्वचा आणि तोंडाचे अस्तर ओले असेपर्यंत तो हवेतला प्राणवायू शोषतो, आणि म्हणूनच चिखलात पुन्हापुन्हा लोळतो. पाल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७० मध्ये वर्णिलेली, कोरिंगाच्याही चिखलात वावरणारी जात विती एवढीही क्वचितच भरते. डोळे माथ्यावर, अंगावर निळे ठिपके, आणि मान डोलवीत चिखलावरची सूक्ष्म शैवले खरवडून खाण्याची रीत. जवळून पाहिले, तर ती डोळे खाली खोबणीत ओढून घेते आणि ओले करून पुन्हा वर काढते, असे दिसते.

परंतु तिचे खरे कौशल्य बिळात आहे. चिखलात खोलवर प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे घातलेली अंडी गुदमरून मरावयाची. नागासाकी विद्यापीठाचे अत्सुशी इशिमात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवटीच्या एका जपानी भाऊबंदाच्या बिळात डोकावून यावरची तजवीज उलगडली. बिळाच्या टोकाशी एक कोठडी असते, तिच्या छताला अंडी चिकटविलेली असतात, आणि नर ओहोटीच्या वेळी वर येऊन तोंडभर हवा घेतो व ती खाली नेऊन कोठडीत सोडतो. खेप संपली की दुसरी खेप. अंडी पाण्यात नव्हे, त्या हवेतच वाढतात. पिले बाहेर पडण्याची घटका आली की रात्रीच्या भरतीत तोच नर साठविलेली हवा तोंडाने उपसून बाहेर टाकतो, कोठडीत पाणी शिरते, आणि त्या स्पर्शाने अंडी फुटतात. ज्याने श्वास पुरविला त्यानेच तो योग्य क्षणी काढून घ्यावा, यापेक्षा विलक्षण पितृधर्म मला जलचरांत दुसरा ठाऊक नाही.

निवटीच्याच गोबी गोतावळ्यातील काही मासे परक्या जीवाचेही बीळ वाटून घेतात. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रांत मंददृष्टीची कोळंबी बीळ खोदते आणि तिच्या दाराशी मासा पहारा देतो. कोळंबीची मिशी माशाला टेकलेली असते, व संकट दिसताच शेपटी थरथरवून तो इशारा देतो. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांतला एक बोटभर मासा तर एका जाड कृमीच्या बिळात आसरा घेतो.

निवटीचे घर मात्र गाळाचेच आहे, आणि गेल्या काही दशकांत धरणांमुळे गोदावरीचा समुद्रापर्यंत पोचणारा गाळ फार घटला आहे. धरणे नकोत, असे मी म्हणत नाही. आपल्या रानांना पाणी हवेच. पण पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात गाळाला जमेची बाजू असू शकते, याची नोंद कोठे तरी व्हावी.

कोरिंगाला १९७८ पासून २३५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, तिवरांमधून लाकडी पायवाट आहे. सुट्टीत काकिनाड्याला जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. भरतीत निवटी बिळात असते.