स्वस्त सुटा भाग आणि ग्राहकाचा हक्क

सायकलच्या ब्रेकची वायर 100 रुपयांच्या आत मिळते. म्हणून ती आठवड्यातच तुटली तरी ‘जाऊ द्या’ म्हणून आपण गप्प बसतो. परंतु ठाणे-डोंबिवलीच्या गर्दीतून शिकवणीला जाणाऱ्या मुलाचा जीव त्याच वायरीवर अवलंबून असतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 वस्तूच्या किमतीवरून भेद करीत नाही. बिल न देणे, तसेच सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, मुदत नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

म्हणून बिल व तुटलेला भाग जपून ठेवावा आणि बदलून देण्याची मागणी सौम्य शब्दांत, पण लेखी करावी. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. तरीही दाद न लागल्यास कल्याण-डोंबिवलीकरांनाही 2 वर्षांच्या आत ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे स्वतः दुकानदार आहेत. सदोष भाग तत्परतेने बदलून देणारा व्यापारी एका वायरीची किंमत गमावतो. पेढीची पत मात्र राखतो.