विवाहमंडपांतील भाषण : पहिलें वाक्य आणि शेवटचें

लग्नकार्यांत बोलण्याचा प्रसंग आपणांवर केव्हां येईल ह्याचा नेम नसतो. वधूपित्याचा कंठ दाटून येतो, मामा आयत्या वेळीं मागें सरतात, आणि कोणीतरी म्हणतो, "काका, आतां तुम्हीच दोन शब्द बोला." ध्वनिक्षेपक हातीं येतो, मंडप क्षणभर शांत होतो, आणि मग त्या 'दोन शब्दां'चें काय होतें हें आमच्या वाचकांना सांगावयास नकोच. पहिलीं पांच मिनिटें "मी कांहीं वक्ता नाहीं" हें सिद्ध करण्यांत जातात, तर शेवटचीं दहा "जातां जातां एवढेंच सांगतो" ह्या वचनाचा भंग करण्यांत. पाहुण्यांचीं नांवें घेतां घेतां मुहूर्त टळतो, आणि बोहल्याशीं उभीं असलेलीं वधूवरें हातांतील माळा सांवरीत एकमेकांकडे केविलवाण्या मुद्रेनें पाहत राहतात.

हा विषय केवळ विनोदाचा असता तर त्यासाठीं आम्हीं ह्या मासिकाचीं पानें खर्चीं घातलीं नसतीं. परंतु त्या मंडपांत एक व्यक्ति अशी असते, कीं जिला त्यांतला शब्दन् शब्द लागतो. ती म्हणजे वधू. दोन्ही कुळांच्या देखत आपल्याविषयीं आपलीं माणसें काय बोलतात, हें ती त्या दिवशीं ऐकते. भाषणाचा मधला भाग तीही विसरते. पहिलें वाक्य आणि शेवटचें वाक्य मात्र ती सासरीं बरोबर घेऊन जाते. "आज आम्ही एका मोठ्या जबाबदारींतून मोकळे झालों," असें एखाद्या सज्जन पित्यानें भाबडेपणानें म्हटलें, तर त्याच्या मनांत माया असते, पण ऐकणाऱ्या मुलीच्या मनांत 'आपण ओझें होतों' एवढेंच उरतें. म्हणून प्रारंभ कसा करावा आणि शेवट कसा करावा, ह्याचा विचार घरोघरीं व्हावा असें आम्हांस वाटतें.

ह्या विद्येचा पहिला धडा घेण्यास विलायतेकडे पाहण्याची गरज नाहीं. आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांत, गुजराथेंतील डांगाला लागून, सुरगाणा तालुका आहे. १९४८ सालीं विलीन होईपर्यंत हें एक लहानसें संस्थान होतें. डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकविणारे कोकणा, वारली, महादेव कोळी हे येथील रहिवासी. त्यांपैकीं वारली समाजाची लग्न लावण्याची जुनी चाल आमच्या सुशिक्षित वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. तेथें लग्न लावण्याचा मान एका स्त्रीकडे असतो. तिला 'धवलेरी' म्हणतात. सवाशिणींनीं तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहावा, त्यांत पालघट देवी यावी, आणि धवलेरीनें गाण्यांतून देवांना आणि माणसांना कार्यास पाचारण करावें. ती गात असतां विधि पुढें सरकतो. तिच्या गाण्यांत ती स्वतः कोठेंच नसते. मी कोण, मला हा मान कसा मिळाला, माझा कंठ आज बसला आहे, हें सांगण्यास तिला सवडही नसते आणि गरजही नसते. तिचा प्रारंभ म्हणजे बोलावणें, आणि तिचा शेवट म्हणजे कार्याची सिद्धि.

ह्या 'धवलेरी' शब्दाशीं आपल्या मराठी वाङ्मयाचें फार जवळचें नातें आहे. 'धवळे' म्हणजे लग्नांत गावयाचीं गीतें. तेराव्या शतकांत महानुभाव पंथांतील महदंबेनें गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगाच्या निमित्तानें कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचें नांव आज घेतलें जातें. म्हणजे मराठींतील आद्य कवयित्रीची कीर्ति ज्या रचनेवर उभी आहे, ती रचनाच मुळीं लग्नमंडपांतील बोलणें होय! असें असतां आजच्या मंडपांत बायकांनीं मागें बसावें आणि पुरुषांनींच ध्वनिक्षेपक हातीं घ्यावा, ही रीत कोठून आली ह्याचा आमच्या भगिनींनीं विचार करावा. वधूची आजी किंवा आत्या चार वाक्यें बोलली तर परंपरेचा भंग होत नाहीं. उलट एका जुन्या परंपरेचें पुनरुज्जीवन होतें.

आतां आपल्या घरच्या विधींकडे वळूं. पुण्याहवाचनांत यजमान स्वतःची थोरवी गात नाहीं. तो उपस्थित ब्राह्मणांना 'हा दिवस पुण्यकारक असो असें आपण म्हणावें' अशी विनंति करतो आणि ते तसें म्हणतात. प्रारंभींच श्रोत्यांना बोलण्यांत सामील करून घेण्याची ही युक्ति किती शहाणपणाची आहे! पुढें कन्यादानाच्या वेळीं दोन्ही कुळांचें गोत्र आणि तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारलीं जातात: अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची कन्या. मंडपांतील परक्या माणसालाही कोण कोणाचें हें कळावें, असा त्यांतील व्यवहार. मात्र ह्या तीन पिढ्यांत बापाकडील पुरुषांचींच नांवें येतात. जिनें नऊ महिने पोटीं वागविलें तिचें नांव त्या उच्चारांत नाहीं. विधींत जी उणीव राहिली ती भाषणानें भरून काढावी. वधूच्या आईचें आणि वराच्या आईचें नांव ज्या भाषणाच्या पहिल्या दोन वाक्यांत येतें, त्या भाषणाकडे मंडपांतील अर्धी मंडळी तत्काळ कान देतात, हें कोणींही अनुभवून पाहावें.

तेव्हां प्रारंभाचे नियम थोडेच आहेत. स्वतःविषयीं बोलूं नये. क्षमा मागूं नये. उपस्थित प्रतिष्ठितांची यादी वाचूं नये. ज्यांचा आदर करावयाचा त्यांना अगोदर पुढच्या आसनावर बसवून पानसुपारी दिली कीं तो आदर पुरा होतो. सुभाषितानें प्रारंभ करण्याचा मोह आपल्या घरांत फार असतो. परंतु जें सुभाषित कोणत्याही लग्नांत चालेल, तें ह्या लग्नाचें नव्हे. पहिलें वाक्य असें असावें कीं तें दुसऱ्या कोणत्याही मुलीला लागूं पडूं नये. समजा, वधूचे काका उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, रात्रीं दिवा मालवल्यावर आमच्या घरांत सर्वांत शेवटीं निजणारी ही मुलगी, कारण सर्वांच्या अंगावर पांघरूण आहे कीं नाहीं हें तिला पाहावयाचें असे." एवढ्या एका वाक्यांत मुलीचा स्वभाव आला, घर आलें, माया आली, आणि सासरच्या मंडळींना आपल्या घरीं काय येत आहे हेंही कळलें. ह्यापुढें 'सुशील', 'गृहकृत्यदक्ष' असल्या विशेषणांची माळ घालण्याचें कारणच उरत नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मुलीच्या बाळपणची आठवण सांगावी, पण तिला ओशाळें करणारी सांगूं नये. भाऊमंडळींना थट्टेची हुक्की येते आणि घरांत ज्या गोष्टीवर सारे हंसत आले ती गोष्ट नव्या माणसांसमोर सांगितली जाते. घरांत ती थट्टा असते. परक्यांत तिची कागाळी होते. मुलीला अगोदर विचारावें, "हें सांगूं का?" तिनें मान हलविली तरच सांगावें.

शेवट करणें हें प्रारंभाहून अवघड. मंगलाष्टकें कितीही लांबलीं तरी प्रत्येकाच्या शेवटीं 'सावधान' हा एक शब्द येतो आणि सर्वांचे हात अक्षता टाकण्यास उठतात. समर्थ रामदास बालपणीं तो शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले अशी आख्यायिका आहे. त्या एका शब्दांत केवढें सामर्थ्य मानलें गेलें होतें, हें तिच्यावरून दिसतें. शेवट लहान असावा, आणि त्यानंतर कांहीं कृति घडावी, हें ह्यांतील मर्म. इंग्रजांच्या विवाहभोजनांतही वधूपित्याचें भाषण संपतें तें सर्वांनीं उभे राहून प्याला उंचावण्यानें. तेथें प्याला, येथें अक्षता; पण भाषणाचा शेवट श्रोत्यांच्या हातांनीं व्हावा हें सूत्र दोहींकडे एकच.

आणि शेवटच्या वाक्यांत काय असावें? ह्याचा उत्तम नमुना ऐरणीदानांत आहे. वेळूच्या टोपलींत दिवे लावून ती सासरच्या मंडळींच्या मस्तकीं टेकवितात आणि मुलगी हातीं देतात, तो हा विधि. कांहीं घरांत ह्यालाच 'झाल' म्हणतात. त्या वेळीं म्हणावयाच्या श्लोकाचा आशय असा, कीं ही आठ वर्षांची कन्या मीं पुत्राप्रमाणें सांभाळली, आतां ती तुमच्या पुत्रास दिली आहे, तिचा स्नेहानें सांभाळ करावा. ह्यांत बढाई नाहीं, रडगाणें नाहीं, उपकार केल्याचा आव नाहीं; सरळ विनंति आहे. 'पुत्राप्रमाणें' ह्या शब्दांत तर मुलगी ओझें नव्हती, हें दोन्ही कुळांच्या देखत सांगितलें आहे. काळ पालटला तो फक्त वयाच्या शब्दांत. शारदा कायद्यानें १९३० पासून मुलीच्या विवाहाचें वय किमान चौदा ठरविलें, आणि १९७८ च्या दुरुस्तीनें तें अठरा झालें. म्हणून 'आठ वर्षांची' हें विशेषण आज कोणी मराठींत सांगूं लागला तर तें सोडून द्यावें; बाकीचा आशय मात्र जसाच्या तसा घ्यावा. शिकल्यासवरल्या, मिळवत्या मुलीविषयींही 'स्नेहानें सांभाळ करावा' ही विनंति जुनी होत नाहीं, आणि वराविषयीं त्याच्या आईनें ती सुनेला केली तर ती दुप्पट शोभते.

तथापि विनंति ही एकाच बाजूची झाली. ज्यांचें लग्न, त्यांनीं मुखानें कांहीं बोलावें कीं नाहीं? कन्यादानांत धर्म, अर्थ आणि काम ह्या तिहींत मी हिच्याशीं अतिक्रम करणार नाहीं, असें वराकडून वदवून घेतात. परंतु वधू तेथें मुकी राहते. ही उणीव महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं ओळखली. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजीं लागला. जोतीरावांनीं रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर आळीपाळीनें एकमेकांस उद्देशून बोलतात. वधू आपल्या हक्काची मागणी करते आणि वर वचन देतो. पुढें १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें तर नोंदणीच्या विवाहांत हेंच एक बोलणें अनिवार्य केलें. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार ह्यांच्यासमक्ष वरानें आणि वधूनें, आपापल्यास समजेल अशा भाषेंत, एकमेकांचा विधियुक्त पति किंवा पत्नी म्हणून स्वीकार करीत असल्याचें एक वाक्य उच्चारावयाचें. त्यावांचून तो विवाह पुरा होत नाहीं. कायद्याला एक वाक्य पुरतें. मग आपणांस अर्धा तास कां लागावा?

ह्या सर्वांवरून शेवटाचेही नियम निघतात. 'मोकळे झालों', 'परक्याचें धन', 'दिल्या घरीं सुखी राहा' असलीं वाक्यें घासून गुळगुळीत झालीं आहेत, आणि त्यांत मुलीस माहेर बंद झाल्याची सूचना असते, तीं टाळावींत. सासरच्या माणसांना उपदेश करूं नये. उपदेश ऐकण्यास ते आलेले नसतात. मानपानांत राहिलेल्या उण्यांबद्दल जाहीर क्षमाही नको; ज्याच्या लक्षांत उणें आलें नव्हतें त्यालाही तें शोधावेसें वाटतें. एक विनंति, एक आश्वासन आणि एक कृति एवढ्यांत शेवट करावा. तेच काका असें म्हणूं शकतात: "व्याहीबुवा, विहीणबाई, आजवर ही आमचीं पांघरुणें पाहत आली, आजपासून तिच्या पांघरुणाकडे आपण लक्ष ठेवावें. आमचें दार तिला आणि तुम्हां सर्वांना उघडें आहे. मंडळी, आतां अक्षता घ्या." पहिल्या वाक्यांतील पांघरूण शेवटीं परत आलें, विनंति झाली, माहेर उघडें राहिलें, आणि श्रोत्यांचे हात कामाला लागले. ह्यानंतर एक अक्षरही बोलूं नये. टाळ्यांची वाट पाहूं नये. सरळ बाजूला व्हावें.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. ज्या घरीं ह्या ऋतूंत कार्य असेल, तेथें कोण बोलणार हें केळवणाच्या पंक्तींतच ठरवावें. एका बाजूनें एक, असे दोनच वक्ते नेमावे. त्यांत एक स्त्री असावी. तीन मिनिटांची मर्यादा घालावी. पहिलें वाक्य आणि शेवटचें वाक्य कागदावर लिहून घरांतील एखाद्या वडील बाईस वाचून दाखवावें. ती ऐकतां ऐकतां डोळ्यांस पदर लावील तर तें वाक्य ठेवावें. ती जर "बरें आहे" एवढेंच म्हणाली तर कागद फाडून दुसरें लिहावें. एवढी मेहनत आपण पंक्तींतल्या जिलबीसाठीं घेतोंच. मुलीच्या कानांवर पडणाऱ्या दोन वाक्यांसाठींही ती घ्यावी, इतकेंच आमचें मागणें आहे.