नाव ठेवलं, की नावं ठेवली?

उद्या लंच अवरला एक प्रयोग करून बघा. डबे उघडले, भाज्यांची अदलाबदल झाली, की टेबलावरच्या प्रत्येकाला विचारा, 'तुझ्या नावाचा अर्थ काय रे?' जाम मजा येते. अश्विनी, रोहिणी, चित्रा आणि स्वाती एकाच टीममध्ये असतील तर समजा, तुमच्या फ्लोअरवर अख्खं पंचांगच बसलंय, कारण या चौघीही नक्षत्रं आहेत. सई म्हणजे मैत्रीण. निखिल म्हणजे संपूर्ण. अमेय म्हणजे ज्याचं मोजमापच करता येत नाही असा (हे अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहायला काय हरकत आहे?). आणि ज्यांच्या घरी नुकताच पाळणा हललाय ते रियांशचा किंवा कियानचा अर्थ सांगायच्या आधी मोबाइल बाहेर काढतात.

हाच प्रश्न मी गेवराईत विचारला, तेव्हा मोबाइल कुणीच काढला नाही. उत्तरं पटापट आली. दगडू म्हणजे दगड. कचरू म्हणजे कचरा. कडूबा म्हणजे कडू. यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा!

गेवराई हे माझं वडिलांकडचं गाव. संभाजीनगरहून सोलापूरकडे निघालात, की शहागडला गोदावरीचा पूल लागतो. तो ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो आणि पहिला तालुका आमचा. कापूस, ऊन, दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीला निघणारी कुटुंबं आणि हायवेवर रात्रभर जागे असलेले ढाबे. इतिहासाची आवड असेल तर याच तालुक्यातलं राक्षसभुवन तुम्हाला माहीत असेल. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी तिथे निजामाच्या फौजेला हरवलं होतं. मला मात्र अलीकडे वेगळाच नाद लागलाय. मतदारयाद्या वाचायचा! त्या नेटवर असतात, कुणालाही उघडता येतात, आणि खरं सांगते, एखाद्या कादंबरीपेक्षा कमी रंगत नाहीत.

आमच्या बीडकडची जुनी पुरुषांची नावं वाचताना एसटीचं टाइमटेबल वाचल्यासारखं वाटतं. वैजनाथ म्हणजे परळी. मच्छिंद्र म्हणजे आष्टी तालुक्यातलं सावरगाव. गहिनीनाथ म्हणजे पाटोद्याकडची चिंचोली. कानिफ म्हणजे शेजारच्या पाथर्डीतली मढी. भगवान नावाचा माणूस भेटला तर त्याच्या आईबापांच्या मनात बहुतेक भगवानगडचे भगवानबाबा असतात. ज्या देवाच्या पायरीवर नवस बोलला, त्याचंच नाव पोराला.

आणि नवस बोलताना जुनी माणसं देवाचा धर्म विचारत बसत नव्हती. पिराजी हे नाव हिंदू घरांत असतं आणि त्यात पीर उघड उघड दिसतो. फकिराही तसाच. अण्णा भाऊ साठ्यांच्या १९५९च्या कादंबरीमुळे हे नाव महाराष्ट्रभर झालं. हैबतराव आणि दौलतराव, ही दोन अस्सल मराठमोळी वाटणारी नावं अर्धी अरबी आहेत. हैबत म्हणजे दरारा आणि दौलत म्हणजे अर्थातच दौलत. सगळ्यात मोठं उदाहरण तर शिवाजी महाराजांच्या घरातलं. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. नावावरून माणसाची जात-धर्म ओळखणाऱ्या एक्स्पर्ट लोकांनी हा पॅराग्राफ दोनदा वाचावा.

मरणाला फसवायचं होतं

आता येऊ दगडूकडे. तुम्ही हसलात ना? २०१४च्या 'टाइमपास'पासून दगडू म्हटलं की आपल्याला प्रथमेश परबच आठवतो. पण हे नाव विनोदासाठी ठेवलं जात नव्हतं. ज्या घरात मुलं जगत नव्हती, एकामागून एक जात होती, त्या घरात नंतर जन्मलेल्या बाळाला नजर लागू नये, मरणाला त्याचा मोह पडू नये म्हणून हा सगळा बनाव असायचा. बाळाला उकिरड्यावर लोळवून आणायचं, म्हणजे तो उकिर्डा किंवा कचरू. शेजारणीला मूठभर धान्याच्या बदल्यात 'विकायचं' आणि परत मागून आणायचं, म्हणजे तो भिकू, भिकाजी. कडू ठेवला तर मरण तोंडात घेऊन थुंकून टाकेल. आणि दगडाला कोण नेणार?

धोंडूचंही तेच, फक्त त्यात एक पोटभेद आहे. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेलाही धोंडू होऊ शकतो. तरी महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ ते १९६२ असे १०४ वर्षं जगले हे आठवलं, की नाव चांगलंच लागू पडलं म्हणायचं! पुण्यात ज्या गणपतीपुढे आपण परीक्षा, व्हिसा आणि प्रमोशनसाठी रांग लावतो, तोही एका दगडूशेठांच्याच नावाचा.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. कोरियात जुन्या काळी पोराला घरात 'गेत्तोंग' म्हणायचे, अर्थ कुत्र्याची घाण. मंगोलियात 'नेरगुई' हे नाव आहे, त्याचा अर्थ 'नाव नाही'. दुसरं 'हुनबिश', म्हणजे 'हा माणूसच नाही'. शोधत आलेल्या वाईट शक्तीने गोंधळून परत जावं, एवढीच अपेक्षा. नायजेरियातले योरुबा लोक उलट थेट बाळाशीच बोलतात. 'मालोमो' म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. 'दुरोजाइये' म्हणजे थांब, आयुष्य भोग. मुलं गमावलेल्या आईने बाळाला रोज हाक मारायची, आणि प्रत्येक हाक म्हणजे एक विनवणी. मला यापेक्षा सुंदर नाव कुठल्याही बेबी नेम्सच्या पुस्तकात सापडलेलं नाही.

यातलं एक नाव मात्र मला बराच वेळ टोचत राहिलं. नथू. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे मरणाला वाटेल की ही मुलगी आहे. मुलगी आहे म्हटल्यावर तिला कोण कशाला नेईल? मुलगा वाचवायची ही युक्ती नीट वाचलीत, तर मुलीची किंमत तिच्यातच लिहिलेली आहे.

आणि नकोशी?

इथे एक घोळ नेहमी होतो. दगडू आणि नकुसा ही नावं आपण एकाच टोपलीत टाकतो. दोन्ही 'वाईट' नावं, दोन्ही गावाकडची, सो सॅड वगैरे. पण दगडू हा हवा असलेला मुलगा असतो. तो हातचा जाऊ नये म्हणून त्याला नको असल्याचं नाटक. नकुसाच्या बाबतीत नाटक नसतं. दोन-तीन मुलींवर आणखी एक झाली, आता पुरे, हा देवाला पाठवलेला निरोप असतो आणि निरोपाचा कागद म्हणजे ती मुलगी.

हेही एकट्या महाराष्ट्राचं नाही. चीनमध्ये 'लायदी' नावाच्या बायका आहेत, अर्थ 'धाकट्या भावा, ये'. हरियाणात भतेरी, म्हणजे 'पुष्कळ झाल्या'. कुस्तीपटू अंतिम पंघालचं नावही असंच पडलं. घरात आधीच मुली होत्या, ही शेवटची असू दे म्हणून अंतिम. २०२२ साली ती २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय मुलगी ठरली. म्हणजे शेवटची म्हणून नाव ठेवलेली पहिली आली.

आपल्याकडे ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात एक अनोखं बारसं झालं. जिल्ह्यातल्या नकुसा, नकोशी अशा नावांच्या २८५ मुली शोधून त्यांना नवी नावं दिली गेली. कुणी सिनेमातलं घेतलं, कुणी देवीचं. बातमी जगभर गेली, आणि जायलाच हवी होती.

त्याच वर्षीच्या जनगणनेत माझ्या बीड जिल्ह्याचा आकडा आला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली. राज्यात सगळ्यात कमी. २००१ साली हाच आकडा ८९४ होता. दहा वर्षांत काय बदललं? मुली नकोशा होत्याच, पण सोनोग्राफीचं मशीन तालुक्यापर्यंत पोचलं होतं. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा आहे आणि तो किती पाळला गेला, हे २०१२मध्ये परळीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मतदारयादीत एखादी साठीतली नकुसा दिसली की मला हल्ली वाईट वाटण्याआधी दुसरंच काहीतरी वाटतं. ही निदान जन्मली. तिच्यानंतरच्या कितीतरी जणींवर नाव ठेवायची वेळच आली नाही.

आत्याचा मान

बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्या घरातल्या सगळ्या भावंडांच्या कानात एकाच आत्याने नावं सांगितली, माझ्याही. आणि तिचं स्वतःचं नाव वर आलेल्यांपैकीच एक आहे. कोणतं ते इथे लिहीत नाही, कारण तिने बजावलंय, 'छापायचं बिपायचं न्हाई हां, पोरी.' ते मरणाला फसवायला ठेवलं होतं की देवाला निरोप द्यायला, हे तिलाही ठाऊक नाही. तिच्या आधी घरात मुलीही झाल्या होत्या आणि एक बाळ गेलंही होतं, त्यामुळे दोन्ही शक्य आहे. आजीला विचारायचं राहून गेलं का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, 'ईचारलं असतं तर ती खरं सांगणार व्हती का?'

लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि सासरी तिला सगळे त्याच नावाने ओळखतात. छान, चार अक्षरी, देवीचं नाव. आता मी लग्नात नाव बदलायच्या पूर्ण विरोधातली. नऊ वर्षांच्या यमुनेचं लग्न झालं आणि नवऱ्याने तिला आनंदी केलं, हीच ती १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झालेली आनंदीबाई जोशी, तरीही मला ते खटकतं. माझं नाव माझं आहे, पॉइंट. पण माझ्या आत्याला आयुष्यात पहिलं चांगलं नाव त्याच तांदळाच्या ताटात मिळालं, आणि ती ते ताट अजून जपून ठेवते. तिच्यासमोर मी माझं लेक्चर देत नाही.

गंमत अशी की कागदांवर जुनंच नाव. शाळेच्या दाखल्यावरून ते आधारला गेलं, तिथून बँकेत. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे फॉर्म निघाले. नाव आधारप्रमाणेच लिहायचं. त्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या किती नकुसांनी 'लाडकी'चा फॉर्म भरला असेल, कल्पना करा!

मग बदलून का घेत नाही? बदलता येतं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात प्रसिद्धी, सगळं आता ऑनलाइन होतं. लहान बाळांचं तर आणखी सोपं. जन्मनोंदणीत नाव नंतर घालायला पहिल्या वर्षात पैसेही पडत नाहीत, आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. मी आत्याला हे सगळं समजावलं. तिचा हिशोब सोपा होता. राजपत्रानंतर आधार, मग पासबुक, मग सातबारा, मग रेशनकार्ड, आणि प्रत्येक ठिकाणच्या माणसाला परत सांगायचं की आधी काय होतं. 'जे नाव कुणाला सांगायचं न्हाई, ते दहा जागी सांगत हिंडू का?'

नव्या बाळांच्या नावात मात्र ती जातीने लक्ष घालते. अर्थ कळल्याशिवाय नाव पास होत नाही. परवा चुलतभावाला मुलगी झाली, स्वाती नक्षत्र, अक्षर आलं 'रे'. मी रात्री पुण्यातून चार नावं पाठवली. सकाळी फोन. रेश्मा जुनं झालं. रेणुका शेजारीच राहते. रेवती म्हटल्यावर तिने मलाच विचारलं, 'जन्म स्वातीवर आन् नाव दुसऱ्या नक्षत्राचं? तुम्ही शिकलेली मानसं.' उरलं रेवा.

'म्हंजे काय गं?'

'नर्मदा. नदीचं नाव आहे, आत्या.'

'मग गोदा ठेवा की. आपली दारातली नदी सोडून लांबची कशाला?'

'अगं, पण अक्षर 'रे' आलंय ना!'

'तर मग अक्षर बदला,' ती म्हणाली, आणि फोन ठेवला.