यजमानपदाचा मान आणि करदात्याचा कौल

७ नोव्हेंबर १९७२ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि रिचर्ड निक्सन प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले. साऱ्या जगाचे लक्ष त्या निकालाकडे लागलेले असताना कोलोरॅडो राज्यातील मतदारांनी त्याच दिवशी आणखी एका प्रश्नाचा निकाल लावला. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकवर राज्याच्या तिजोरीतून पैसा खर्च करण्यास मनाई करणारी घटनादुरुस्ती त्यांच्यापुढे होती. सुमारे ६० टक्के मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला. राज्याची राजधानी असलेल्या डेन्व्हरला अडीच वर्षांपूर्वी वाजतगाजत मिळालेले यजमानपद त्यामुळे परत करावे लागले. युद्ध नाही, नैसर्गिक आपत्ती नाही, केवळ नागरिकांच्या मतदानामुळे ऑलिंपिकवर पाणी सोडावे लागलेले हे एकमेव शहर होय.

या घटनेला अर्धशतक उलटून गेले. तरीही एखादे शहर अशा स्पर्धेसाठी पुढे सरसावते तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घ्यावयाचे असेल तर डेन्व्हरकडेच वळावे लागते.

यजमानपद मिळविण्याची जी पद्धत अनेक दशके रूढ होती, ती वरकरणी मोठी शिस्तबद्ध दिसते. कोणतेही शहर परस्पर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे दार ठोठावू शकत नाही. त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीने त्याला उमेदवार म्हणून उभे करावे लागते. मग जाडजूड प्रस्ताव तयार होतो. डोंगरांचे उतार किती, बर्फ किती पडतो, खेळाडूंची निवासव्यवस्था कोठे, विमानतळ किती दूर, रुग्णालये कशी, यांची उत्तरे त्यात द्यावी लागतात. शासनाची हमीपत्रे जोडावी लागतात. पाहणी समिती येऊन जाते आणि शेवटी समितीचे सदस्य गुप्त मतदान करतात. प्रत्येक फेरीत सर्वांत कमी मते पडलेले शहर बाद होते आणि कोणा एकाला बहुमत मिळेपर्यंत फेऱ्या चालू राहतात. विजयी शहराला त्यानंतर करारावर सही करावी लागते. या करारात कर्तव्यांचा वाटा शहराच्या पदरात भरघोस पडतो आणि तोट्याचा भार सामान्यतः यजमानाच्याच माथी येतो.

या साऱ्या व्यवहारात एक मूलभूत विसंगती आहे. प्रस्ताव ज्यांना पटवावयाचा ते मतदार दूरदेशीचे मूठभर सदस्य असतात आणि बिल ज्यांनी फेडावयाचे ते करदाते त्या मतदानात कोठेच नसतात. ज्याला मत द्यावयाचे त्याला पैसे द्यावयाचे नाहीत आणि ज्याला पैसे द्यावयाचे त्याला मत नाही. अशा स्थितीत अंदाजपत्रक हे खर्च सांगण्याचे साधन न राहता मन वळविण्याचे साधन बनले, तर त्यात नवल ते काय? ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपले पूर्वज अनुभवाने सांगून गेले. येथे तर घर आणि लग्न दोन्ही एकाच वेळी उभे करावयाचे, तेही सात वर्षांनंतरच्या मुहूर्तावर आणि दुसऱ्याच्या पैशाने!

डेन्व्हरचेही असेच झाले. मे १९७० मध्ये ॲमस्टरडॅम येथील अधिवेशनात त्याने तिसऱ्या फेरीत स्वित्झर्लंडच्या सिऑनवर मात केली. १९७६ हे अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे आणि कोलोरॅडोच्या राज्यत्वाच्या शताब्दीचे वर्ष. तेव्हा हा योग सर्वांनाच शुभ वाटला. प्रस्तावातील खर्चाचा आकडा होता सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर. हळूहळू एकेक गोष्ट उघडी पडू लागली. उतारावरील शर्यतींसाठी दाखविलेल्या माउंट स्निक्टाऊ या डोंगरावर पुरेसा बर्फच टिकत नव्हता. प्रचाराच्या छायाचित्रात तो रंगाने भरण्यात आला होता. एव्हरग्रीन या डोंगराळ वस्तीतील रहिवाशांना आपल्या दारांवरून शर्यती जाणार आहेत हे सारे ठरून गेल्यावर समजले. त्यांनी विरोध करताच स्थळे बदलू लागली आणि काही शर्यती तर डेन्व्हरपासून कित्येक तासांच्या अंतरावरील स्टीमबोट स्प्रिंग्जला हलवाव्या लागल्या. खर्चाचा अंदाज साडेतीन कोटी डॉलरांवर गेला.

रिचर्ड लॅम हे राज्य विधिमंडळाचे तरुण सदस्य तेव्हा विरोधकांच्या अग्रभागी होते. ते व्यवसायाने वकील आणि हिशेबतपासनीस होते. त्यांचा सवाल साधा होता : हा आकडा कोठे थांबणार आणि तो फेडणार कोण? नागरिकांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि प्रश्न मतपत्रिकेवर आणला. ज्यांच्या नावाने दावा केला गेला त्यांना विचारण्याची वेळ दावा जिंकून झाल्यावर आली. म्हणजे वरातीमागून घोडे! ते घोडे वरात उधळूनच थांबले. पुढे दोनच वर्षांनी हेच लॅम राज्यपाल म्हणून निवडून आले आणि १२ वर्षे त्या पदावर राहिले. कोलोरॅडोच्या मतदारांना आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप झाला नव्हता, एवढा अर्थ यातून काढावयास हरकत नसावी.

आणि ऑलिंपिकचे काय झाले? फेब्रुवारी १९७३ मध्ये यजमानपद ऑस्ट्रियातील इन्सब्रुककडे गेले. त्या शहराने १९६४ ची स्पर्धा भरविली होती. उतार, उड्डाणमंच, क्रीडागृहे तयार होती. जुन्याचीच डागडुजी करून अवघ्या तीन वर्षांत स्पर्धा पार पडली. दुसऱ्यांदा यजमान झाल्याची खूण म्हणून तेथे एकाऐवजी दोन ज्योती पेटविण्यात आल्या. नव्या शहराने नवे डोंगर पोखरल्यावाचून खेळ होत नाहीत, ही समजूत किती पोकळ आहे, हे त्या दोन ज्योतींच्या उजेडात स्पष्ट दिसत होते.

हा धडा मात्र दीर्घकाळ कोणी गिरविला नाही. मतदार मूठभर असले की त्यांची मर्जी राखण्याचे मार्गही निघतात. २००२ ची स्पर्धा सॉल्ट लेक सिटीने १९९५ मध्ये मिळविली. त्या प्रयत्नात सदस्यांवर व त्यांच्या आप्तांवर भेटी, शिष्यवृत्त्या आणि पैसा यांची खैरात झाल्याचे १९९८ मध्ये उघडकीस आले. समितीच्या १० सदस्यांना पद सोडावे लागले. संयोजकांपैकी दोघांवरील खटला २००३ मध्ये न्यायालयात टिकला नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु पद्धतीचे वाभाडे निघावयाचे ते निघालेच.

त्यानंतर हिशेब मागण्याची पाळी पुन्हा नागरिकांवर आली. रस्ते आणि रेल्वे धरून २०१४ च्या सोची स्पर्धेचा खर्च ५० अब्ज डॉलरांच्या घरात गेल्याच्या वार्ता आल्या आणि युरोपचे डोळे उघडले. २०२२ साठी स्टॉकहोम, क्राकोव्ह, लव्हिव्ह, ऑस्लो एकामागून एक बाहेर पडले. उरली बीजिंग आणि अल्माटी ही दोनच शहरे; बीजिंगने ४४ विरुद्ध ४० मतांनी बाजी मारली. २०२६ साठी इन्सब्रुक, सिऑन आणि कॅल्गरी येथे मतदान झाले आणि तिन्ही ठिकाणी ‘नको’ असाच कौल मिळाला. ज्या इन्सब्रुकने १९७६ ची लाज राखली, तेही २०१७ मध्ये नाही म्हणाले!

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. प्रत्येक मोठे काम लोकांना विचारून करावयाचे ठरविले तर एकही काम उभे राहणार नाही; सामान्य मतदार आपल्या खिशापलीकडे पाहत नाही, असे म्हटले जाते. या आक्षेपाला व्हँकूव्हरचे उत्तर पुरेसे आहे. त्या शहराने फेब्रुवारी २००३ मध्ये, म्हणजे ऑलिंपिक समितीच्या निर्णयाच्या आधी, नागरिकांचे मत घेतले. सुमारे ६४ टक्के लोकांनी होकार दिला आणि २०१० ची स्पर्धा तेथे झाली. लोक खेळाचे वैरी नसतात. आपल्याला गृहीत धरले जाते, याचा त्यांना राग असतो.

ऑलिंपिक समितीने २०१९ पासून आपली रीत बदलली आहे. उघड चढाओढीऐवजी एका आयोगामार्फत निवडक शहरांशी वाटाघाटी होतात आणि शेवटी सदस्य त्यावर शिक्कामोर्तब करतात. अस्तित्वात असलेल्या सोयी वापरण्यावर भर आहे. या सुधारणा स्वागतार्ह आहेत; उधळपट्टीला त्यामुळे काहीसा आळा बसेल. परंतु बंद दाराआडच्या वाटाघाटी नागरिकाला अधिक जवळ आणतात असे कोण म्हणेल? जुलै २०२४ मध्ये २०३० ची स्पर्धा फ्रेंच आल्प्सला देण्यात आली तेव्हा त्या देशात काळजीवाहू सरकार होते आणि शासकीय हमीपत्रे मागाहून द्यावयाच्या अटीवर निर्णय झाला. सार्वमत झालेच नाही. म्हणजे घोडे अजूनही वरातीच्या मागेच आहे.

दूरच्या बर्फाळ मुलखाची ही कथा म्हणून तिच्याकडे पाठ फिरविण्याची सोय आपल्यालाही राहिलेली नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने २०२४ मध्ये आपली इच्छा लेखी कळविली आहे. तो सोहळा या देशात व्हावा अशी आकांक्षा बाळगण्यात काहीच गैर नाही. मात्र सहीपूर्वी संपूर्ण अंदाजपत्रक, हमीपत्रांची कलमे आणि स्पर्धेनंतरच्या देखभालीचा खर्च लोकांपुढे ठेवला पाहिजे.

डेन्व्हरने स्वतःपुरता हा प्रश्न सोडविला आहे. भावी ऑलिंपिकवर शहराचा पैसा खर्च करावयाचा झाल्यास आधी मतदान घ्यावे लागेल, असा नियम तेथील मतदारांनी जून २०१९ मध्ये मोठ्या बहुमताने संमत केला. १९७२ मध्ये त्यांना सारे ठरून गेल्यावर नकार द्यावा लागला होता. आता होकार असो वा नकार, तो आरंभीच घेतला जाईल. पाहुण्यांना आवतण धाडण्यापूर्वी घरच्या माणसांना विचारावे, ही रीत गरिबाच्या घरीही पाळली जाते. महानगरांना ती शिकण्यास अर्धे शतक लागावे काय?