संत्रा बागेचा प्रश्न: विचारावा कोठे आणि कसा?



परतवाडा-अचलपूर भागातील संत्रा बागायतदाराचे आठ दिवस रोग ओळखण्यात गेले, तर त्याची किंमत फळगळीने मोजावी लागते. जाणकार मात्र अकोल्यास, नागपुरास किंवा चांदूर बाजारच्या एखाद्या बागेत असतो. ई-मेल आणि मोबाईलवरील शेतकरी गटांमुळे हे अंतर पुष्कळ कमी झाले आहे.

मुंबईच्या आयआयटीने २००३ साली 'आक्वा' ही संगणकावरील प्रश्नोत्तरांची सोय सुरू केली. शेतकरी मराठीतून प्रश्न लिहीत, छायाचित्र जोडत आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ उत्तर देत. एकाला मिळालेले उत्तर सर्वांना वाचता येई, हा त्यातील खरा फायदा. आज हे काम व्हॉट्सअ‍ॅपचे गट करतात. पण तेथे कामाचे उत्तर 'सुप्रभात'च्या गर्दीत हरवते. ते तारखेनिशी वहीत उतरवून ठेवावे.

"झाड काळे पडले, काय फवारू?" एवढ्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. पानांवरची काळी बुरशी म्हणजे बहुधा कोळशी. ती काळ्या माशीने टाकलेल्या चिकट, गोड द्रवावर वाढते. माशीचा बंदोबस्त न करता नुसते बुरशीनाशक फवारल्यास पैसा वाया जातो. म्हणून पानाच्या दोन्ही बाजूंचे, उजेडात घेतलेले छायाचित्र पाठवावे; माशीची पिले खालच्या बाजूस असतात. डिंक्याची शंका असल्यास जमिनीलगतच्या बुंध्याचे छायाचित्र हवे. सोबत झाडाचे वय, खुंट जंबेरीचा की रंगपूर लाईमचा, जमीन, ओलिताची पद्धत आणि मागील फवारण्या कळवाव्यात.

गटात कोणी सुचविलेली औषधांची मिसळ मात्र लगेच पंपात ओतू नये. आधी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर खात्री करून घ्यावी.

ई-मेलचा उपयोग वेगळा. माती परीक्षणाचा अहवाल त्यावर जपून राहतो व तज्ज्ञांस जसाच्या तसा पाठविता येतो. आंबिया बहाराची फळे झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्यास विकली, तर ठरलेली रक्कम, इसार व तोडणीची अखेरची तारीख त्याच दिवशी ई-मेलने कळवून 'मान्य' असे उत्तर मागवावे. तोडणी लांबली की पुढील बहाराचा ताण लांबतो. अशा वेळी तोंडी बोलण्यापेक्षा हा लेखी पुरावा उपयोगी पडतो.