दिलसुखनगर ते रायदुर्ग, तीन आकृत्यांत

हैदराबादच्या अमीरपेटला, मैत्रीवनमच्या आसपास, इमारतींच्या भिंती फारशा दिसत नाहीत. दिसतात ते फलक: जावा, पायथॉन, टेस्टिंग, क्लाउड. नांदेड-परभणीकडची मुलं पदवी हातात पडली की देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद गाठतात, होस्टेलात एक कॉट घेतात आणि या फलकांखालच्या वर्गांत जाऊन बसतात. त्यांतल्या कित्येकांनी कॉलेजात यूएमएलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा दाखवणाऱ्या चिन्हभाषेच्या, आकृत्या काढलेल्या असतात. उदाहरण ठरलेलं: एटीएम, नाहीतर ग्रंथालय. सीनियरच्या वहीतली आकृती ज्युनियरच्या वहीत उतरते, सही होते, गुण मिळतात. पुढे नोकरीत कुणी मार्कर हातात देऊन ‘जरा डिझाइन काढून दाखव’ म्हटलं, की पहिली चौकट कशाची काढावी इथेच गाडी अडते.

मला याचं कारण असं दिसतं की चिन्हं शिकवली जातात, पण एक आकृती दुसरीची चूक कशी पकडते हे कुणी दाखवत नाही. उतरवून काढलेल्या आकृत्या एकमेकींशी कधी भांडतच नाहीत. म्हणून एटीएम बाजूला ठेवू आणि अमीरपेटच्या डोक्यावरूनच जाणारी मेट्रो घेऊ.

ही मेट्रो नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाली. मियापूर ते एल. बी. नगर हा लाल मार्ग आणि नागोल ते रायदुर्ग हा निळा. दोन्ही अमीरपेटला भेटतात. समजा, दिलसुखनगरला राहणाऱ्या एका मुलीची रायदुर्गजवळ मुलाखत आहे आणि तिच्याकडे स्मार्ट कार्ड आहे. त्या कार्डाच्या आणि गेटच्या व्यवहाराचा नमुना आपण कागदावर बांधायचा. मेट्रोच्या आतल्या यंत्रणेत डोकावायची गरज नाही. प्रवाशाला दिसतं तेवढं पुरे.

आधी साध्या मराठीत लिहून काढा. ‘प्रवासी दिलसुखनगरला गेटवर कार्ड टेकवते. गेट उघडतं. ती लाल मार्गाच्या गाडीत बसते, अमीरपेटला उतरून निळ्या मार्गाची गाडी पकडते. रायदुर्गला पुन्हा कार्ड टेकवते. भाडं कापलं जातं, गेट उघडतं.’ आता नामांखाली रेघ ओढा: प्रवासी, गेट, कार्ड, गाडी, मार्ग, भाडं, स्थानक. पुस्तकं सांगतात की हीच नामं पुढे क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वस्तूंचे साचे, होतात. अर्धंच खरं आहे. नवशिक्याची पहिली कसोटी वगळण्यात लागते.

गाडी घ्या. वाक्यात ती दोनदा येते, पण गेटला गाडी दिसत नाही. अमीरपेटला मार्ग बदलताना गेटबाहेर पडावं लागत नाही, म्हणजे तिथे कार्ड टेकवलंच जात नाही. तिने गाडी कुठे बदलली, मधे बाकावर बसून चहावाल्याची आठवण काढली की काय, याची आपल्या नमुन्याला खबर नाही. गाडी गेली, मार्ग गेला. प्रवासीही गेली, कारण गेट ओळखतं ते कार्डाला. नाव त्याला माहीत नाही. हेच उदाहरण मेट्रोच्या वेळापत्रकासाठी घेतलं असतं तर गाडी आणि मार्ग हेच नायक ठरले असते आणि कार्ड बाहेर गेलं असतं. नमुना कशासाठी काढतोय हे ठरल्याशिवाय काय ठेवायचं ते ठरत नाही.

उरलेल्यांतून क्लास डायग्राम काढू. प्रत्येक क्लासची एक चौकट, तिचे तीन कप्पे: वर नाव, मधे त्याच्याजवळची माहिती, खाली त्याला करता येणारी कामं. कार्डाजवळ क्रमांक आणि शिल्लक असते. ‘पैसे काप’ हे त्याचं काम. गेटला ‘उघड’ हे काम. स्थानकाला नाव. आणि वाक्यात नसलेली एक चौकट आता लागते: प्रवास. दिलसुखनगरला सुरू झालेली गोष्ट रायदुर्गला संपेपर्यंत कुठेतरी जपून ठेवावी लागणार. ही चौकट ज्याला स्वतःहून सुचली त्याला विषय कळायला लागला, असं मी मानतो.

प्रवासापासून स्थानकाकडे दोन रेघा जातात, एक ‘चढलेलं’ आणि एक ‘उतरलेलं’. रेघेच्या टोकाला आकडे लिहायचे. चढलेल्या स्थानकाजवळ १, उतरलेल्या स्थानकाजवळ ०..१. या ०..१ चा अर्थ असा की प्रवास चालू असताना उतरण्याचं स्थानक अजून नाही आणि संपल्यावर एकच असतं. आकडा इवलासा, पण जावात ज्याला ‘नल’ म्हणतात आणि ज्याच्यापायी अर्ध्या रात्री प्रोग्रॅम कोसळतात, तो धोका इथे कागदावरच दिसून जातो. रेघेच्या टोकाला ‘हा त्याचा भाग’ असं नातं दाखवणाऱ्या पोकळ आणि भरीव हिऱ्यांत मात्र सुरुवातीला अडकू नका. पोकळ हिऱ्याचा नेमका अर्थ यूएमएलच्या प्रमाण दस्तऐवजानेच काढणाऱ्यावर सोडलेला आहे. मुलाखतीत मात्र तोच विचारतात.

आता दुसरी आकृती, सिक्वेन्स डायग्राम. कागदाच्या वरच्या कडेला ओळीने चौकटी: प्रवासी, गेट, कार्ड, प्रवास. (प्रवासी इथे परतली, कारण सुरुवात कुणीतरी करावी लागते, पण ती यंत्रणेबाहेरची.) प्रत्येकीखाली तुटक उभी रेघ. वेळ वरून खाली सरकते आणि एकाने दुसऱ्याला सांगितलेलं प्रत्येक काम म्हणजे एक आडवा बाण. रायदुर्गचा प्रसंग काढू. प्रवासी गेटवर कार्ड टेकवते. गेट चालू प्रवासाला विचारतं, ‘कुठून आलीस?’ उत्तर येतं, दिलसुखनगर. गेट आता भाडं विचारणार. कुणाला?

इथे पेन्सिल थांबते. कार्डाला भाडं माहीत नाही, प्रवासालाही नाही. क्लास डायग्राम पूर्ण वाटत होतं, पण दोन स्थानकांमधलं भाडं सांगणारं त्यात कुणीच नाही. मागे जायचं, ‘भाडेपत्रक’ अशी चौकट वाढवायची, तिच्या तिसऱ्या कप्प्यात ‘भाडं सांग’ लिहायचं आणि मग पुढचा बाण काढायचा. नियम सोपा आहे: बाण ज्याच्याकडे जातो त्याच्या चौकटीत ते काम लिहिलेलं असलंच पाहिजे. प्रत्येक बाण असा ताडून पाहिला की पहिली आकृती झाडून निघते.

बाणांचा क्रमही बोलतो. आधी गेट उघडायचं की आधी पैसे कापायचे? आधी उघडलं आणि तेवढ्यात तिने कार्ड मागे घेतलं तर प्रवास फुकट. आधी कापले आणि गेट अडकलं तर तक्रार. शिल्लक कमी पडली तर काय, यासाठी बाणांभोवती ‘आल्ट’ नावाची चौकट घालून तिचे दोन भाग करतात: पैसे पुरेसे असले तर हे, नसले तर ते.

तिसरी, स्टेट डायग्राम. यात एकाच वस्तूचं आयुष्य बघायचं. आपण कार्डाचं बघू. दोन गोल कोपऱ्यांच्या चौकटी, ‘बाहेर’ आणि ‘आत’. प्रवेशाच्या गेटवर टेकवलं की बाहेरून आत, निर्गमाच्या गेटवर टेकवलं की आतून बाहेर. मग प्रत्येक अवस्थेला प्रत्येक घटना विचारायची. ‘आत’ असलेलं कार्ड पुन्हा प्रवेशाच्या गेटवर टेकवलं तर? म्हणजे एक मैत्रीण आत गेली आणि तिने कार्ड गेटवरून मागच्या मैत्रिणीला दिलं. बाण नाही, म्हणजे नकार. प्रवासी अमीरपेटला आत जाऊन अमीरपेटलाच बाहेर आली तर? या आकृतीला त्यात काही वावगं नाही, पण आता भाडेपत्रकात ‘अमीरपेट ते अमीरपेट’ अशी नोंद लागेल, जी मघाशी कुणाच्या मनातही नव्हती. आणि ती चार तास आतच बसून राहिली तर? या प्रश्नांची उत्तरं प्रोग्रॅमरने मनाने द्यायची नसतात. ती काम देणाऱ्याला विचारायची. असे प्रश्न कोड लिहिण्याआधी हाती लागले तर आकृतीचे कष्ट वसूल.

या आकृत्या एका घरातल्या नाहीत, हे माहीत असलं की त्यांचा वेगवेगळा स्वभाव समजतो. अवस्थांची चित्रं डेव्हिड हॅरेल यांनी इस्रायली लढाऊ विमानाच्या यंत्रणेवर काम करताना विकसित केली. त्यांचा निबंध १९८७चा. इव्हार याकोबसन एरिक्सनच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम करून आलेले. ग्रेडी बूच आणि जेम्स रंबॉ यांची आपापली चिन्हं होती. १९९४-९५मध्ये याकोबसन, बूच आणि रंबॉ हे तिघे रॅशनल या कंपनीत एकत्र आले, पद्धतींची भांडणं मिटवायला यूएमएल ही एक सामाईक भाषा बसवली आणि १९९७मध्ये ओएमजी या संस्थेने तिला मान्यता दिली. तिच्या २००५च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आकृत्यांचे प्रकार तेरा-चौदावर गेले. सगळे पाठ करणं परीक्षेपुरतं ठीक. यूज केस डायग्राममधली (यंत्रणा कुणासाठी काय करते ते दाखवणारी) काडीची माणसं आणि लंबगोल तर मी नवशिक्याला शेवटीच दाखवीन. त्यात खरं बळ लंबगोलामागे लिहिलेल्या मजकुराचं असतं आणि तो कुणी लिहीत नाही.

साधनांचंही फार मनावर घेऊ नका. पहिल्या दोन-तीन खेपा पेन्सिल आणि खोडरबर. नंतर ड्रॉ डॉट आयओ चालेल, किंवा प्लँटयूएमएल, ज्यात ओळी लिहिल्या की चित्र आपोआप उभं राहतं आणि बदलांचा इतिहास गिटमध्ये ठेवता येतो.

स्मार्ट कार्ड जमलं की क्यूआर तिकीट घ्या. हैदराबाद मेट्रोत ते फोनवर मिळतं. क्लास डायग्राममध्ये ‘तिकीट’ अशी वरची चौकट काढून कार्ड आणि क्यूआर यांच्याकडून तिच्याकडे पोकळ त्रिकोणाचे, ‘हा तिचाच एक प्रकार’ असं सांगणारे, बाण न्यावेत असा मोह होईल. जरा थांबून स्टेट डायग्राम पुढे ओढा. कार्ड एकच असतं, त्यामुळे ‘आत’ ही अवस्था त्या कार्डावरच लिहिली तरी चालते. क्यूआरचा स्क्रीनशॉट मात्र पाच जणांना पाठवता येतो. ती अवस्था फोनमध्ये ठेवून भागणार नाही. गेटमागच्या मुख्य संगणकावर न्यावी लागेल, सिक्वेन्स डायग्राममध्ये त्याची एक नवी तुटक रेघ येईल आणि कार्डाकडे जाणारे निदान दोन बाण तिकडे वळतील.