‘थोडा वेळ बघाल का याला?’ : पाहुण्यांचं मूल सांभाळताना

सुट्टीचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून आज एका कामाविषयी बोलू या. हे काम आपण जन्मभर करतो, पण त्याला काम म्हणून मोजत नाही. ते म्हणजे मूल सांभाळणं.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर आता हंगामात पाहुण्यांची रीघ लागते. आमच्या गटातल्या काहीजणी घरी निवास-न्याहारीच्या खोल्या चालवतात. काहीजणी रिसॉर्टमध्ये स्वयंपाकाला, साफसफाईला जातात. पाहुणे लेकराबाळांसह येतात. त्यांना स्कूबा डायव्हिंग करायचं असतं, होडीतून सिंधुदुर्ग किल्ला बघायचा असतो. दीड-दोन वर्षांचं बाळ पाण्याखाली नेता येत नाही, भर उन्हात होडीत बसवायला जीव धजत नाही. मोठ्या हॉटेलांत कधी मुलांसाठी वेगळी खोली आणि बाई असते. आपल्याकडच्या छोट्या जागांत ती सहसा नसते. मग आपल्यालाच विचारतात, “मावशी, थोडा वेळ बघाल का याला?”

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या गटातल्या एका ताईंना असंच विचारलं. त्या हो म्हणाल्या. तो ‘थोडा वेळ’ सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत चालला. होडीवर गेलेल्यांना फोन लागेना. बाळाला काय चालतं, काय नाही, हे कुणी सांगून गेलं नव्हतं. ते रडून रडून लाल झालं. परत आल्यावर पाहुण्यांनी शंभराची नोट हातावर ठेवली, “मुलांना खाऊ घ्या” म्हणून. इकडे ताईंच्या घरी त्यांचा तीन वर्षांचा मुलगा नऊ वर्षांच्या बहिणीजवळ होता. त्या दिवशी तिची शाळा बुडाली.

गटाच्या बैठकीत हे ऐकून आम्हाला राग आला तो आधी पाहुण्यांचा. पण त्यांना वेळ आणि पैसे कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्याकडे समुद्र नसेल, थंड हवेचं ठिकाण असेल, यात्रा असेल किंवा कृषी पर्यटन असेल, तरी त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट पैशांची. दर तासावर ठरवायचा, तोही मूल हातात घेण्याआधी. कमीत कमी दोन तासांचे पैसे घ्यायचे. आई-वडील उशिरा आले तर मूल परत देईपर्यंतचा वेळ धरायचा. यात लाजायचं कारण नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच तरतूद होती की, कामावर बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांच्यातल्या एकीनं ती सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. मूल सांभाळणं ही मजुरीच, हे कायद्यानंही मानलं होतं.

दुसरी गोष्ट वहीची. मुलाचं नाव, वय, आई-वडिलांचे दोन फोन नंबर, कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं. मूल काय खातं, कशानं त्रास होतो, तेही विचारायचं. कोळंबी, शेंगदाणे किंवा दूध काही मुलांना सोसत नाही. त्यांनी सांगितलं तेवढंच द्यायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. लहानग्याच्या हातात अख्खा काजू, शेंगदाणा, द्राक्ष द्यायचं नाही, घशात अडकतं. औषध तर आपल्या मनानं मुळीच नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. मूल कितीही हट्ट करो, समुद्रावर किंवा पोहण्याच्या तलावावर न्यायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा जवळ नको. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ते ओरडत नाही. एवढ्या वेळात चूल, फोन, धुणं काही नाही, फक्त मूल.

चौथी गोष्ट विश्वासाची. पाहुण्यांच्या बंद खोलीत एकटीनं बसायचं नाही. ओटी, पडवी, चार माणसांची ये-जा असलेली जागा बरी. शक्यतो दोघींनी मिळून बसायचं. मुलाचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला ठेवायचा तर नाहीच. ज्यांनी मूल दिलं त्यांच्याच हाती परत द्यायचं. अडचण आली तर ११२ वर फोन करायचा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबरही आहे.

पाचवी गोष्ट मुलींची. “तुमची मोठी मुलगी बसेल ना जवळ?” असं कुणी विचारलं तर स्पष्ट नाही म्हणायचं. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला, तसंच हॉटेल आणि रिसॉर्टमध्ये कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. पुढे २०१६ च्या दुरुस्तीनं ती बंदी सगळ्याच कामांना लागू झाली. काही पाहुणे सोबत लहान मुलगी आणतात, बाळ सांभाळायला. तिच्याकडेही लक्ष असू द्या. १०९८ तिच्यासाठीसुद्धा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपलं मूल कुणाजवळ राहणार, हे ठरल्याशिवाय दुसऱ्याचं मूल घ्यायचं नाही. अंगणवाडी काही तासांत सुटते, पुढचा वेळ कुणाचा? आमच्या गटात हंगामात रोज एकजण सगळ्यांच्या मुलांजवळ थांबते. बाकीच्यांच्या कमाईतला ठरलेला वाटा तिला मिळतो. तुम्ही मोठ्या रिसॉर्टमध्ये कामाला असाल, तर हेही लक्षात ठेवा: २०१७ पासून कायद्यानं ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक केलं आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. एकटीनं मागायला भीती वाटत असेल तर चौघी मिळून मागा.

त्याच ताईंना मागच्या हंगामात एका पाहुण्यांनी विचारलं, “थोडा वेळ बघाल का याला?” ताई म्हणाल्या, “बघेन की. किती वाजता परत याल, ते आधी या वहीत लिहा.” पाहुण्यांनी लिहिलं आणि वेळेत आलेही. ताईंची मुलगी त्या दिवशी शाळेत होती.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. दर ठरवा, एक वही घाला, आणि आपल्या मुलांजवळ कोण थांबणार, तिचं नाव त्या वहीत सगळ्यात आधी लिहा.